कॅप्टनसाहेबांचा हुकूम

अख्तरबानूने दार उघडलं आणि बाजूला झाली, पण पाहुणा काही आत येईना. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरलेली, उंबऱ्याबाहेर ताठ उभा.

"या की. का घर लहान पडतंय साहेबांना?"

"अगं, तसं नाही," कॉटवरून तिचा नवरा अमीन धापा टाकत म्हणाला. "खलाशांच्या मेसमध्ये कॅप्टन टोपी काढतो, बोलावल्याशिवाय आत येत नाही. नौदलातला रिवाज आहे तो. या साहेब, या."

एवढं बोलायलाही त्याला मध्ये दम खावा लागला.

कॅप्टन जयसिंग मोहिते आत आले, स्टुलावर बसले आणि त्यांनी अमीनचा हात धरला. युद्धानंतर दोघं पहिल्यांदाच भेटत होते. हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत असलेल्या लेकीने, अफशीनने, इंटरनेटवरून त्यांचा पत्ता शोधून परस्पर बोलावणं धाडलं होतं. अख्तरबानूला विचारलं असतं तर तिने साफ नकार दिला असता.

कसबा पेठेतल्या त्या गल्लीत एकाहत्तरची ती रात्र पोराटोरांना पाठ होती. सोबतचं जहाज बुडालं. शत्रूची पाणबुडी जवळच कुठेतरी दबा धरून बसलेली, अशा वेळी थांबणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तरी मोहित्यांनी आपली विनाशिका भर समुद्रात थांबवली आणि शेवटचा जिवंत माणूस पाण्याबाहेर येईपर्यंत हलवली नाही. मग टॉर्पेडो चुकवत जी पळवली! काय छाती असेल हो त्या माणसाची! सांगताना अमीनचा चेहरा उजळायचा.

एक गोष्ट मात्र त्याने फक्त बायकोला सांगितली होती. तो खाली बॉयलरवर होता. तिथे वाफेची नळी फुटली, वाफ आणि धूर कोंडला, तरी जागा सोडायची नाही असा साहेबांचा हुकूम होता. त्याची छाती गेली ती तेव्हाच. अख्तरबानूच्या हातांवरची मेंदीही तेव्हा पुरती उतरली नव्हती.

तिने चहाचा कप साहेबांपुढे आदळलाच.

"एक विचारू? तुम्ही वर मोकळ्या हवेत होतात, हे खाली भाजत होते. पदक तुम्हाला मिळालं, मिळू दे. पण ह्यांना वर का नाही बोलावलंत?"

मोहित्यांनी चमकून अमीनकडे पाहिलं. अमीनने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. साहेबांनी चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला.

"चुकलं माझं, वहिनी. तो वर येऊ का म्हणाला होता. मी येऊ दिलं नाही."

हे शब्द ऐकायला ती जन्मभर थांबली होती. आता ऐकले, पण इतकं सरळ कबूल करणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं?

"खोटं बोलतायत ते!"

अमीन उठून बसला होता. श्वास पुरेना, तरी थांबेना.

"साहेब वरून बोलायच्या नळीतून ओरडत होते, अमीन, वर ये, हुकूम आहे माझा. मीच गेलो नाही. मी जागा सोडली असती तर वाफेचा दाब पडला असता, जहाज हललं नसतं. पाण्यातून काढलेली सगळी माणसं..."

"मग मला का खोटं सांगितलंत?"

"तुझी आठवणच आली नाही गं त्या वेळी. हे कुठल्या तोंडानं सांगू?"

 उशी उचलून अख्तरबानूने त्याच्या पाठीशी लावली, जरा जोरातच. पदराने डोळे पुसले.

"काय मेलं नशीब," ती पुटपुटली. "शिव्या मात्र साहेबांना घातल्या मी रोज."

 मग तिने मोहित्यांना विचारलं,

"ती पाण्यातून काढलेली माणसं... आहेत का हो अजून?"

"बरीच आहेत. आपल्या खडकीलाच एक आहेत, बापूराव. गेल्या महिन्यात त्यांना नात झाली."

अख्तरबानू अमीनच्या पायाशी, कॉटच्या कडेवर टेकली.

"नाव काय ठेवलं?"