तुळशीचं नवं

तुळशीच्या घरात बाहेरगावी गेलेल्या माणसाला काहीही विचारायची मुभा होती. जेवलास का, ताप आला का, मुकादमाने फसवलं का, सगळं. फक्त नव्याबद्दल विचारायचं नाही.

नवं म्हणजे घरच्या बियाण्याचं, घरच्या शेतातलं नवीन भात. ते कापून, झोडून कणगीत भरायचं, कणगीचं तोंड शेणाने लिंपून टाकायचं, आणि घरातलं प्रत्येक माणूस पानावर बसल्याशिवाय ती फोडायची नाही. पुढच्या पेरणीचं बीसुद्धा नवं झाल्यावरच त्यातून काढायचं. एखादं माणूस वीटभट्टीवर नाहीतर रेती उपसायच्या कामावर अडकलं असेल, तर त्याने आपण होऊन निरोप धाडायचा, "माझा नवा तुमी खा." तेवढे चार शब्द आले की कणगी मोकळी. पण निरोप मागायचा नाही. मागितला तर आपणच त्या माणसाला घरातून वजा केलं असं होतं, असं तुळशीची आई सुकरी मानायची. तिची सासू मानायची, तिच्या सासूची सासू मानायची.

तुळशीला हे सगळं ठाऊक होतं. बाप हयात होता तेव्हा वसईच्या रेतीवरून त्याचा निरोप यायचा, आणि तो ऐकून आईकडे धावत जायचा मान तुळशीचा असायचा. मोखाड्याच्या आश्रमशाळेतून तिने स्वतः दोनदा निरोप धाडला होता. तेव्हा 'मला माहीतच नव्हतं' ही पळवाट तिला नाही. मीही ती देणार नाही.

सूर्यमाळच्या बाजूच्या त्या पाड्यावरून मुंबईपलीकडे कोणी गेलं नव्हतं. तुळशी पंचविसाव्या वर्षी सरकारी शिष्यवृत्ती मिळवून थेट स्पेनमधल्या वालेन्सियाला गेली. विषय बियाण्यांचा. निघताना आईला म्हणाली, "पुढल्या वैशाखात येतेच." सुकरीने मान डोलावली आणि तिच्या पिशवीत नागलीचं पीठ कोंबलं. सप्टेंबर होता. शेतात भात पोटरीला आलं होतं.

समुद्र तिने दापोलीला शिकताना पाहिला होता. पण तो जाळी ओढणाऱ्यांचा, मासळी वाळवणाऱ्यांचा समुद्र. वालेन्सियाचा समुद्र हौसेचा. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरलं की वाळू, वाळूवर चेंडू खेळणारी पोरं, म्हाताऱ्या बायका खुर्च्या टाकून गप्पा मारतायत आणि कोणालाच कुठे जायची घाई नाही. रस्त्याच्या कडेला संत्र्याची झाडं, फळांनी लगडलेली. ती कडू असतात म्हणून कोणी तोडत नाही, हे कळेपर्यंत तुळशीने एक खाऊन पाहिलं होतं. पहिला महिना ती रडली. दुसऱ्या महिन्यात सायकल शिकली. तिसऱ्या महिन्यात मार्ता नावाची मैत्रीण मिळाली, आणि मग पोरगी जी रुळली ती रुळलीच. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाची हुशार आदिवासी मुलगी नव्हती. नुसती तुळशी होती. तिला ते फार आवडलं, आणि त्यात काही वाईटही नव्हतं.

शहराबाहेर एक मोठं तळं आहे, त्याच्या काठाने मैलोन् मैल भातशेती. मार्ताच्या वडिलांचं शेत तिथेच. रविवारी ते अंगणात संत्र्याची लाकडं पेटवून परातीएवढ्या उथळ कढईत भात शिजवायचे आणि सगळे त्या एकाच कढईभोवती चमचे घेऊन बसायचे. डिसेंबरातल्या एका रविवारी ते म्हणाले, "हा या हंगामातला पहिला." तुळशीने पहिला चमचा घेतला. भात मऊ होता, केशराने पिवळा झालेला. तिने फोटो काढून घरी धाडला.

पाड्यावर फोनला रेंज नसते. टेकाडावर एका आंब्याखाली थोडी मिळते. भावेश, तुळशीचा मोठा भाऊ, दर रविवारी आईला घेऊन तिथे चढायचा. त्या रविवारी सुकरीने तो फोटो डोळ्यांजवळ धरून खूप वेळ पाहिला, आणि मग विचारलं,

"तिकडचा भात नवा हाय का जुना, बाय?"

तुळशी हसली. "आये, इकडं भात पुड्यात मिलतो. नवा काय नि जुना काय!"

सुकरीही हसली. मग तिने थंडीचं विचारलं, आणि फोन संपला.

एवढंच. यापेक्षा जास्त सुकरीला विचारता येत नव्हतं. आजवर तिने एवढंही कुणाला विचारलं नव्हतं. समोरचीने ओळखायचं होतं. ओळखणारी तेव्हा मार्ताच्या अंगणात बसून कढईच्या बुडाची खरपूड खरवडत होती.

वैशाख आला आणि गेला. जून-जुलैत तुळशीला सात आठवड्यांची सुट्टी होती, हॉटेलात भांडी घासून साठवलेले पैसे होते, आणि मार्ता म्हणत होती की बोटीने बेटांवर जाऊ. तुळशीने आईला सांगितलं, "कॉलेज सोडत नाय गं. दिवाळीला येते." खोटं बोलायचं म्हणून ती बोलली नाही. 'येत नाही' म्हणायला जीभ रेटत नव्हती, 'येते' म्हणणं सोपं होतं. सोप्या शब्दांची हीच खोड, बोलणाऱ्याला ते जड होत नाहीत. बेटांवर तिने पाण्याखाली डोळे उघडून मासे पाहिले. दिवाळीला परीक्षा निघाली. ती मात्र खरी होती.

दुसऱ्या वर्षी तिने प्रबंध लिहिला तो घरच्या भातावर. तांबडकोळ. लाल कुसळाचं, कमरेच्या वर जाणारं आणि तरीही वाऱ्यात न लोळणारं गावठी भात. बाकी पाड्याने केव्हाच दुकानाच्या बियाण्याची पिशवी धरली होती, तांबडकोळ उरलं होतं ते एकट्या सुकरीकडे. प्राध्यापकबाई खूश झाल्या. म्हणाल्या, कागदपत्रं रीतसर करून उगवणारं बी आण, पुढची चार वर्षं तुझी संशोधनाची जागा पक्की. चार वर्षं. ट्रामचा शेवटचा थांबा, वाळू, रविवारची कढई. तुळशीने लगेच तिकीट काढलं.

म्हणजे आईसाठी न निघालेलं तिकीट बियाण्यासाठी निघालं. हे तिला विमानात एकदा टोचलं, पण मग जेवण आलं.

जूनचा पहिला आठवडा होता. पाऊस नव्हता. खोडाळ्याहून जीपने आणि पुढे भावेशच्या मोटरसायकलवरून ती पाड्यावर पोचली, तेव्हा सुकरी डोंगराखालच्या विहिरीवरून हंडा घेऊन वर येत होती. ती बारीक झाली होती. हंडा खाली ठेवून तिने लेकीच्या तोंडावरून ओला हात फिरवला.

चहा झाल्यावर तुळशी म्हणाली, "आये, तांबडकोळीचा बी काढून दे ना. पाच किलो पुरा झाला."

सुकरीचा चेहरा उजळला. "काढू. आता तू आलीस. आदी नवा खाऊ, मंग बी काढू."

"कोनाचा नवा?"

सुकरी चहाची भांडी गोळा करू लागली. बोलला तो भावेश, दारातून, पाठमोरा. "तू गेलीस त्या सालचा."

तुळशीला आधी कळलंच नाही. मग तिने कोपऱ्यातल्या कणगीकडे पाहिलं. तोंडावरचं शेण वाळून भेगाळलं होतं, तरी जागच्या जागी होतं.

"दोन वर्सं तुमी काय खाल्ला?"

"पयलं साल रेशनचा नि नागलीची भाकर," भावेश म्हणाला. "मंग मी दुकानातून पिशवी आनली नि पेरली. त्याला नवा-बिवा नाय लागत. कवाबी काढा, कवाबी खा."

"मना सांगायचा तरी, दादा!"

आता तो वळला. "आयस नको बोलली. पोर येते बोललीय, तर येल. तू दर टायमाला येतेच बोललीस, तुळशे. एकदा 'नाय येत' बोलली असतीस, तरी चालला असता."

कणगी फोडली तेव्हा आधी पाखरं उडाली, पांढुरकी, बारीक. मग पिठाचा लोट. दाण्यादाण्याला टोका किड्याने भोक पाडलं होतं. वीस महिने आणि मधला एक पावसाळा गावठी भाताने असं कोंडून काढावा ही अपेक्षाच चुकीची, हे तुळशीला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यावर तिने परीक्षा दिली होती, चांगल्या गुणांनी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सुकरीने मात्र सूप घेतलं. अख्खी दुपार ती पाखडत राहिली, निवडत राहिली. पीठ झाडून उरलेल्या चार पायल्यांतून दोन ओंजळी दाणे धड निघाले. एक तिने बियाण्यासाठी बाजूला ठेवली आणि दुसरी कांडली. भात शिजला, त्याला कुबट वास येत होता. तिने पहिला घास देवाला ठेवला, दुसरा तुळशीच्या पानावर. तुळशीने तो चावला. कडू लागला, आणि गिळताना तिला मार्ताच्या अंगणातला पहिला चमचा आठवला. त्या चमच्याची तिला लाज वाटली.

सुकरी खाली मान घालून जेवली. बोटं चाटून म्हणाली, "गोड हाय."

दुसऱ्या दिवसापासून तुळशीने बियाण्याची परीक्षा मांडली. शंभर-शंभर दाण्यांच्या चार पुरचुंड्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून. परीक्षेआधी सुकरीने त्यातला एक दाणा दाताखाली धरला होता. दाणा कटकन तुटायच्या ऐवजी भुसकन फुटला, आणि ती तोंड फिरवून चुलीकडे गेली. म्हणजे बी मेलंय हे तिला पहिल्याच दिवशी समजलं होतं. तरी रोज सकाळी ती विहिरीवरून आणलेल्या पाण्यातलं तांब्याभर पाणी त्या गोणपाटावर शिंपडायची. घरात आंघोळीला पाणी नव्हतं. तुळशी म्हणायची, "नको गं आये," आणि ती म्हणायची, "पिऊ दे."

चौथ्या दिवशी मोड नाही, सातव्या दिवशी नाही. दहाव्या दिवशी तुळशीने पुरचुंड्या सोडल्या. चारशे दाणे काळे पडून बोटांना चिकटत होते. तिने एकेक उलटून पाहिला. एकही उगवला नव्हता. आसपासच्या आठ पाड्यांत ती पायी हिंडून आली, कुणाच्या माळ्यावर मूठभर तांबडकोळ राहिलं असेल म्हणून. म्हाताऱ्या बायका नाव ऐकून हसायच्या, त्या भाताच्या पेजेच्या आठवणी सांगायच्या आणि दुकानाची पिशवी दाखवायच्या. बैल गेला नि झोपा केला, त्यातली ही धावाधाव.

प्राध्यापकबाईंना तिने कळवलं. त्यांचं उत्तर मायाळू होतं. बी नाही तर ती जागाही नाही, एवढंच त्यात होतं. त्या जागेचं तुळशीला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं. तिला वाईट वाटलं ते डिसेंबरातल्या त्या रविवारचं. टेकाडावर आंब्याखाली उभी असलेली आई, आणि तिला दिलेलं ते हसण्यावारी उत्तर. चार शब्द बोलायचे होते. फुकटचे.

पाऊस पडला. भावेशने दुकानाच्या बियाण्याची रोपं राबात वाढवली, मग आवणी झाली, रोपं लावायला तुळशीही चिखलात उतरली. मग नाशिकच्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. निघायच्या दिवशी तिने आईच्या पायाला हात लावला. काल रात्रीपासून ती जुळवाजुळव करत होती, आता बोलली.

"आये, मी दिवालीला आली नाय, तर माझा नवा तुमी खा. थांबू नका."

सुकरीने कोपऱ्याकडे पाहिलं. कणगी उन्हात तापवून, झटकून परत आणून ठेवली होती. आता तिच्यात सरपण होतं.

"दुकानच्या भाताला नवा नसतो, बाय," ती मायेने म्हणाली. "आता कोनासाठी थांबाया लागत नाय."