मिटलेल्या ओळी
ताईंनी बारकीचा कोड आपल्या स्क्रीनवर घेतला आणि चष्मा पुसून चूक शोधायला बसल्या. नऊ ओळी होत्या, तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर रिकामं करणाऱ्या. ऑफिसच्या सामायिक पानावर सकाळी टाकलेल्या, आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत खाली पसंतीचे अकरा अंगठे. अकरा. ताईंनी दोनदा मोजले.

चौदा वर्षं हे असं नव्हतं. कुणाचं काही अडलं की माणूस चहाचा कप घेऊन ताईंच्या टेबलाशी यायचा, ताई चार ओळी लिहून द्यायच्या, आणि तो गेल्यावरही त्यांना बराच वेळ बरं वाटायचं. कोडमधल्या टिपा स्क्रीनवर दिसू न देता मिटून ठेवायची सेटिंग त्यांचीच. माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या त्या ओळी यंत्र वाचत नाही, मग आपण कशाला वाचायच्या, असं त्या म्हणत. टिपांत लोक थापा मारतात, कोड मारत नाही. अर्ध्या ऑफिसनं ती सेटिंग उचलली होती.

मग सहा महिन्यांपूर्वी ही आली. चणीनं लहान म्हणून बारकी. तिनं ते सामायिक पान काढलं आणि लोक जागेवरून उठेनासे झाले. ताईंच्या शेजारच्या ज्या खुर्चीसाठी पूर्वी नंबर लागायचा, तिच्यावर आता त्यांची पर्स बसायची. बारकी मात्र अधूनमधून येऊन उभी राहायची. ताई मान वर करत नसत. थोडा वेळ थांबून ती निघून जायची. बरी खोड मोडली, असं ताई घरी नवऱ्याला सांगत, आणि तो काही बोलला नाही तर पुन्हा सांगत.

सातव्या ओळीत चूक सापडली. फोल्डरचं नाव द्यायला कुणी विसरलं, तर कोड थांबत नव्हता. त्या मशीनवर जे दिसेल ते सगळंच पुसत सुटणार होता. ताईंना एकदम हलकं वाटलं. खाली एक ओळ लिहिली असती तरी भागलं असतं. त्यांनी बोटं कीबोर्डवर ठेवली, आणि उचलली. आपटू दे एकदा तोंडावर. अंगठेवाल्यांनाही कळू दे.

हे सोमवारी. मंगळवारी त्या मूग गिळून बसल्या. बुधवारी जेवताना बारकी डबा घेऊन समोर आली, काहीतरी विचारायच्या बेतात होती, तर ताईंनी फोन कानाला लावला. फोन कुणाचाच नव्हता.

गुरुवारी पलीकडच्या रांगेतून टेस्टरचा आवाज आला. त्याची डिस्क भरली होती आणि बारकीच्या त्या कोडचं तो कुणाला तरी सांगत होता. सहा आठवड्यांच्या चाचण्यांच्या नोंदी त्याच्या एकट्याच्या मशीनवर होत्या. पर्स खाली पडली तरी न उचलता ताई त्याच्या टेबलाशी पोचल्या.

"थांब. चालवू नकोस तो."

"कसा चालवीन?" टेस्टर म्हणाला. "सोमवारपासून सगळेच थांबलोय. बारकी रोज म्हणते, आज ताईंना विचारते."

त्यानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ताईंची सेटिंग त्यानं कधी घेतली नव्हती. त्याच्या स्क्रीनवर नऊ नाही, बारा ओळी होत्या. वरच्या तीन टिपेच्या होत्या.

'नाव रिकामं राहिलं तर काय होईल, माझी खात्री नाही.
ताईंनी बघेपर्यंत कृपया कुणी चालवू नका.
शुक्रवारी दोनदा त्यांच्याकडे गेले, त्या कामात होत्या.'

ताईंनी ती तिसरी ओळ पुन्हा वाचली. शुक्रवारी त्यांना काहीही काम नव्हतं.

मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. या वेळी ताईंनी मान वळवली.

"बघितलंत, ताई?" बारकीनं विचारलं. "बरोबर आहे का?"

"नाही. नाव दिलं नाही तर सगळं पुसेल."

"बाई गं." बारकीनं कपाळाला हात लावला, पण तिला बरंही वाटलेलं दिसलं. "वाटलंच होतं मला. आत्ता सापडलं तुम्हाला?"

हो, एवढंच म्हणायचं होतं. टेस्टर तर आधीच मान डोलावत होता. ताईंनी चष्मा काढून हातात धरला.

"नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारी."