शेजारणीचं मेपल

विल्मा प्रॅटच्या पोटात वर्षातून दोनदा दुखायचं. एकदा ऑक्टोबरात, शेजारच्या ओडेटचं मेपलचं झाड लालभडक होऊन येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या फोटोसाठी थांबू लागल्या की. आणि एकदा मार्चमध्ये, विल्माचा नवरा मर्ल त्याच मेपलच्या खोडाला भोकं पाडून रसाच्या बादल्या टांगायला जायचा तेव्हा. मग ओडेटच्या मागच्या शेडमध्ये तो आणि ओडेट दिवसभर रस उकळून त्याचा गोड पाक करत बसायचे. संध्याकाळी मर्ल पाकाची बरणी घेऊन घरी यायचा. वीस वर्षांत विल्माने त्या पाकाला बोट लावलं नाही. दुकानातली पाकाची बाटली आणून ती त्याच्यासमोरच पॅनकेकवर ओतायची.

दोन वर्षांपूर्वी मर्ल गेला. मत्सर मात्र कुठेही गेला नाही, उलट त्याला आता सगळं घर मोकळं मिळालं. झाड तिथेच उभं होतं आणि ते बघून विल्मा रोज सकाळी जळत होती.

यंदा सप्टेंबरच्या वादळात मेपलची एक फांदी विल्माच्या अंगणात पडली. तिला तेवढंच हवं होतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या त्यांच्या गावात एवढा कायदा सगळ्यांनाच ठाऊक: धडधाकट झाड वाऱ्याने पडलं तर तो देवाचा कारभार, पण झाड धोक्याचं आहे असं लेखी कळवल्यावर पडलं तर भरपाई मालकाच्या गळ्यात. विल्माने त्याच दुपारी पत्र लिहिलं. ‘तुझं झाड आतून पोखरलेलं आहे. ते माझ्या घरावर पडलं तर जबाबदारी तुझी. ताबडतोब तोड.’

तिसऱ्या दिवशी ओडेट पत्र घेऊन दारात.

“अगं, दहा पावलांवर राहतेस, आणि रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवतेस?”

“लेखी असलेलं बरं.”

“मर्ल असता तर...”

“मर्लचं नाव तुझ्या तोंडी नको.”

ओडेटने झाडं तपासणाऱ्या हॉलिसला बोलावलं. त्याने लाकडी हातोडीने खोड चौफेर ठोकून पाहिलं, कान लावला, वर चढला.

“पोखरलेलंबिखरलेलं काही नाही,” तो म्हणाला. “दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात चीर आहे. वर पोलादी दोर बांधला, थोडं वजन कमी केलं, तर आपल्या तिघांना पोचवून उभं राहील. पण मालकाची सही लागेल. झाड कुणाचं?”

“माझं,” ओडेट म्हणाली.

“तिचंच,” विल्मा म्हणाली. वीस वर्षांत दोघींचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

“मधे कुंपण दिसत नाही. आधी मोजणी करून घ्या बायांनो.”

मोजणी झाली. हद्दीची लोखंडी खुंटी ओडेटच्या फुलझाडांत सापडली, मेपलच्या चार फूट पलीकडे. अख्खं झाड विल्माचं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. झाड धोक्याचं आहे हे मालकिणीने स्वतःच लिहून दिलं होतं, सहीशिक्क्यानिशी.

ओडेट खुंटीकडे बघत उभी होती. “मर्लला माहीत होतं,” ती हळूच म्हणाली. “ही झुडपं त्यानेच लावून दिली ना, तेव्हा ही खुंटी सापडली होती. मला म्हणाला, विल्माला बोलू नकोस. झाड आपलं आहे कळलं तर त्याच दिवशी करवत आणील.”

दोघांनी मिळून पाक उकळला, हे विल्माने गिळलं होतं. पण दोघांनी मिळून तिच्यापासून गुपित राखलं? तिच्या अंगाचा भडका उडाला.

आठवड्याने विल्माला रजिस्टर पोस्टाने पत्र आलं. तिचंच पत्र, शब्दन्‌शब्द तेच. फक्त वरचं आणि खालचं नाव बदललेलं.

विल्माने हॉलिसला फोन केला. “करवत घेऊनच ये.”

तो आला. करवत गाडीतून उतरली. समोर ओडेट खिडकीत उभी होती. ना रडत होती, ना ओरडत होती. ‘मर्ल म्हणालाच होता’ एवढंच तिच्या तोंडावर लिहिलं होतं. ते वाचून विल्माच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की ती पायरीवरूनच ओरडली, “ठेव ती करवत! दोर बांध!” मेलेल्या नवऱ्याला खोटं पाडायची संधी काही रोज येत नाही.

मार्च आला. फांद्या छाटलेल्या झाडाला यंदा एकच बादली, असं हॉलिसने बजावलं होतं. विल्माने ती ओडेटच्या खिडकीतून नीट दिसेल अशीच टांगली. रस स्वतःच्या स्वयंपाकघरात उकळला. वाफेने भिंतीला चिकटवलेला शोभेचा कागद सुटला, तरी ती हटली नाही. शेवटी एक बरणी पाक झाला. तो न चाखताच ती बरणी घेऊन ओडेटकडे गेली.

ओडेटने बोट बुडवून चाखलं.

“करपलाय जरासा,” ती म्हणाली. “मर्ल कधी करपू द्यायचा नाही.”

विल्मा बरणी उचलून तडक घरी आली. ओट्याशी उभी राहून तिने पहिल्यांदाच त्या झाडाचा पाक जिभेवर ठेवला. पुन्हा एकदा ठेवला.

कुठेही करपला नव्हता.

मग तिने चार पॅनकेक केले, अर्धी बरणी त्यांवर ओतली आणि वीस वर्षांत जेवली नव्हती तशी पोटभर जेवली.