कुंदाबाईच्या छातीची फिल्म

मित्रांनो, मी एक जुनी एक्स-रे फिल्म आहे. प्लास्टिकचा निळसर तुकडा आणि त्यावर कुंदाबाईच्या फासळ्या, एवढाच माझा जीव!

आठ वर्षांपूर्वी सोनगीरची कुंदाबाई मोटारसायकलवरून पडली, तेव्हा धुळ्यात माझा जन्म झाला. "हाड शाबूत आहे," असं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हृदयाशेजारच्या लिंबाएवढ्या सावलीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी गादीखाली गेले. एकदा ग्रहणाच्या दिवशी पोरांनी मला डोळ्यांपुढे धरलं. (तसं कधी करू नका बरं!) बाकी कोणी विचारलं नाही.

यंदा कुंदाबाईला धाप लागू लागली. धुळ्यात सीटी स्कॅन झाला. "रक्तवाहिन्यांची गाठ असावी, अजून तपासू," असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तिचा नवरा झुलाल त्यातलं 'रक्त' आणि 'गाठ' तेवढं घेऊन, आता सगळं संपलं असं धरूनच घरी आला.

"रगतना कॅन्सर शे. बठ्ठं संपनं," तो भावाला म्हणाला.

नातेवाईक भेटायला येऊ लागले. कुंदाबाई समोर आली की सगळे गप्प. उगाच हाल नकोत म्हणून तिला पुन्हा धुळ्याला न्यायचंच नाही, असं तिला न विचारता ठरलं. माझा जीव तुटत होता. मला सगळं ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं.

लेक रूपाला मात्र चैन पडेना. तिने डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी जुना एक्स-रे मागितला, आणि दुसऱ्या दिवशी रूपा बापाला आणि मला घेऊन धुळ्याला गेली.

डॉक्टरबाईंनी मला उजेडावर धरलं. सावली तीच होती, आठ वर्षांत जेमतेम वाढलेली. नव्या स्कॅनमध्ये तिच्यात खड्यांसारखे पांढरे ठिपकेही होते.

"झुलालभाऊ, इतकी हळू वाढणारी, आत खडे धरलेली गाठ म्हणजे कॅन्सर वाटत नाही. रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची साधी गाठ आहे, फार क्वचित दिसते. सुईने तुकडा काढायला गेलो तर रक्तस्राव होईल. पूर्ण गाठच काढू."

झुलाल तिथेच हमसून हमसून रडला.

शस्त्रक्रियेत सर्जनांनी आधी गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बांधल्या, मग गाठ अलगद सोडवली. तपासणीतही ती निरुपद्रवी ठरली.

घरी आल्यावर कुंदाबाईने मला मागून घेतलं आणि दारातल्या उन्हात धरलं.

"हाई मी शे?" ती म्हणाली. मग झुलालकडे वळली. "मी मरसू आसं बठ्ठासले माहीत व्हतं. माले कोनी सांगं नही."



मित्रांनो, आम्हा जुन्या फिल्मांना जपून ठेवाच. पण आम्ही ज्याच्या छातीच्या आहोत, त्याला सगळ्यांत आधी दाखवा.