दोन बोटं वाढवलेल्या बाह्या

मित्रांनो, मी एक जुनी काळी शेरवानी आहे. जवळा बाजारात सटवाजींच्या घरी लाकडी पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात माझा मुक्काम असतो. रंग कधीच विटला आहे. सात गुंड्यांपैकी चारच माझ्या स्वतःच्या उरल्या, तीन दुसऱ्या कुणाच्या अंगावरून आल्या आहेत. पण मला हातात घ्याल तेव्हा गुंड्या मोजत बसू नका. आधी माझ्या बाह्या बघा. मनगटापाशी सुईच्या भोकांची एक बारीक ओळ दिसेल. तिथं कुणीतरी टाके घातले आणि त्याच हातांनी ते उसवले. मला जे सांगायचं आहे ते त्या ओळीचं आहे.

माझा जन्म हिंगोलीचा. तेव्हा निजामाचं राज्य होतं. कचेरीत पाऊल टाकायचं तर अंगात शेरवानी हवी, नाहीतर चपराशी पायरीवरूनच परत लावायचा. जवळा बाजारची पाच पोरं हिंगोलीला एका खोलीत राहून शिकत होती. पाचांनाही नोकरी हवी होती आणि शेरवानी एकाकडेही नव्हती. मग पाचांनी मिळून एक शिवायची ठरवलं. मदारसाब शिंप्यानं पाचांचीही मापं घेतली आणि कपाळाला हात लावला.

"पांच जनों का नाप एकमेंच कैसा बिठाऊं रे?" तो म्हणाला. मग त्यानं मधल्या मापाची मला बेतली आणि बाह्यांच्या टोकाला आत चांगलं तीन बोटं कापड मुडपून ठेवलं. "आदमी बढता, कपडा नई बढता," असं म्हणत त्यानं शेवटचा दोरा दातानं तोडला. मोठा शहाणा माणूस होता.

पाचांत सगळ्यांत आधी सटवाजी नोकरीला लागले, हिंगोलीच्या तहसिलीत कारकून म्हणून. त्या दिवशी पोरांनी एक रीत पाडली. जो लागला त्यानं पुढच्याला मला आपल्या हातानं चढवायचं, आणि गुंड्या लावता लावता आपल्याला जे कळलं ते त्याला सांगायचं. जो लागला नाही त्याला गुंड्या लावायचा मान नाही.

पुढं चौघं लागले तरी हा मान सटवाजींकडेच राहिला, कारण त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळ्यांना वाटे. शुक्रवारी कचेरीला सुट्टी. सटवाजी गुरुवारी संध्याकाळी गावी येत आणि शुक्रवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर शिकलेली पोरं गोळा होत. शेजारच्या हट्टा गावाहूनही यायची. सटवाजी एकेकाची दरखास्त, म्हणजे नोकरीचा अर्ज, डोळ्यांशी धरून वाचत.

"चार बोटं समास सोड. आपल्या हातानं लिही, दुसऱ्याचं अक्षर चटकन कळतं. असल सनद कमरेला, नक्कल सायबाच्या हातात. एकदा असल दिली की गेली समज. कचेरी उघडायच्या आत दारात उभा राहा आन चपराशाला त्याचं नाव विचार. येत नसंल ते येत न्हाई म्हन, थापा मारू नको."

हे सगळं खरं होतं आणि आजही खरं आहे. पण सातवी गुंडी, गळ्याची, लावताना ते पोराची हनुवटी वर करत आणि म्हणत, "काम काय हाये ते इचारायचं न्हाई. भिकाऱ्यानं भाकर कशाची हाये ते इचारू न्हाई. जागा मिळाली की काम कळतंच."

त्या काळी तेही बरोबरच होतं. विचारणारा उद्धट ठरे. ओसरीवर येणाऱ्या रामकिशनला, दगडोबाला असंच न विचारता नोकरी लागली. मी मात्र फुगले. वाटायचं, पोरांना नोकरी मीच लावते. कापडाला काय, हवा भरली की ते फुगायचंच.

पंचेचाळीस साली वसराम आला. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरच्या भावसिंगचा मुलगा. त्याच्या आज्यापर्यंत घराणं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडलेलं, बाप शेतात स्थिरावलेला, आणि हा औरंगाबादच्या कॉलेजातून इंटर पास होऊन आला होता. तांड्यावर एवढा शिकलेला तो एकटाच. उंच, हाडकुळा, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. तांड्याची बोली, गावची मराठी, बाजारातली दखनी, पुस्तकातली उर्दू, चारही भाषा त्याच्या तोंडात होत्या. मला तो फार आवडला. फक्त त्याचे हात लांब. माझ्या बाहीतून मनगट बाहेर राही, आणि त्या मनगटावर हिरवं गोंदण होतं, तीन ठिपके आणि एक चांदणी.

त्या पहिल्या खेपेला त्यानं दरखास्तीत सगळं खरं लिहिलं, मुक्काम तांडा म्हणून. हिंगोलीच्या एका कचेरीत साहेबानं कागद वाचला, मनगट पाहिलं आणि म्हणाला, "ठाण्यातून चालचलनीचा दाखला मागवतो." कागद ठाण्यात गेला. तो काही परत आला नाही. दोन महिन्यांनी जागा दुसऱ्याला गेली. त्या काळी सरकार तांड्यावरच्या लोकांकडं गुन्हेगार म्हणूनच बघे. चोरी नाही, मारी नाही, तांड्यावर जन्मला एवढाच त्याचा गुन्हा.

त्यानंतर दोन वर्षं जागाच निघाली नाही. मग राज्यात धामधूम माजली, कचेऱ्या ओस पडल्या, लोक जीव मुठीत धरून राहिले. हिंगोलीहून मदारसाबाची खबर येईनाशी झाली. मला ज्यानं शिवलं तो कुठं गेला, आहे की नाही, हे मला कुणीच सांगितलं नाही. अठ्ठेचाळीसच्या भादव्यात निजामाचं राज्य गेलं. दिवाळीनंतर खबर आली की परभणीला नवे साहेब आलेत, वऱ्हाडाकडचे, आणि कारकुनाची एक जागा भरायची आहे.

वसरामला तेव्हा पंचवीस पुरी व्हायला सव्वा महिना होता. पंचवीस उलटली की सरकारी नोकरीचं दार बंद. खरं म्हणजे त्याचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजानं एक तारीख लिहिली होती, आणि आता तीच तारीख त्याच्या मानेवर बसली होती.

"ही चुकली की संपलं, सटवाजीदादा," वसराम म्हणाला.

सटवाजींनी दरखास्त डोळ्यांशी धरली. "नाव राहू दे. मुक्काम बदल. जवळा बाजार लिही."

"काहून? मी तांड्याचा हाय."

"मागच्या टायमाला लिहिलंस ना खरं? काय झालं? पुन्ना ठाण्यात कागद गेला तर सव्वा महिन्यात येतोय व्हय? अन हे मनगट झाक."

सटवाजींना वसरामची माया होती, म्हणूनच ते असं म्हणाले. हे मी आवर्जून सांगते, कारण पुढं लोकांनी त्यांना नावं ठेवली.

मनगट झाकायचं काम वसरामच्या आईकडं आलं. पारुबाईनं मला मांडीवर घेतलं. तांड्यावरच्या बायकांचा सुईचा हात किती बारीक असतो ते तुम्हाला ठाऊक असेल. तिनं मदारसाबाचे टाके उसवले, मुडपलेलं कापड दोन बोटं खाली सोडलं आणि नवे टाके घातले. मग बाही मुलाच्या हाताला लावून पाहिली. चांदणी झाकली गेली होती.

वसराम तान्हा असताना आजारानं गेल्यातच जमा होता. पोरगं जगावं म्हणून तिनंच त्याला मांडीवर धरून ते गोंदवून घेतलं होतं. ती त्यांच्या बोलीत बोलली. मला कळलं ते एवढंच, "माझ्याच हातानं दिलं, माझ्याच हातानं झाकलं." वसराम म्हणाला, "याडी, नोकरी लागली की पुन्हा वर करू." याडी म्हणजे आई.

सटवाजींनी गुंड्या लावून पाहिल्या, एकेका गुंडीला आपलं सांगणं सांगितलं. सातवी लावताना हनुवटी वर केली आणि तेच म्हणाले, काम काय हाये ते इचारायचं न्हाई.

वसराम मला फडक्यात बांधून निघाला. पूर्णा नदी ओलांडताना पाणी छातीपर्यंत आलं, तेव्हा त्यानं मला डोक्यावर घेतलं. स्वतः भिजला, मला थेंब लागू दिला नाही.

परभणीच्या कचेरीत तो सगळ्यांच्या आधी पोचला. चपराशाचं नाव विचारलं, लालसिंग. त्यानं कोपऱ्यात मला अंगात घालायला जागा दिली. आत नवे साहेब साध्या सदऱ्यात बसले होते. वसरामनं वाकून सलाम केला.

"बसा," साहेब म्हणाले.

वसराम बसला नाही. साहेबांनी दोनदा सांगितलं, तरी तो हात बांधून उभाच. नक्कल पाहून ते म्हणाले, "इंटर आहात, छान. मुक्काम?"

"जवळा बाजार, हुजूर."

"तिकडं तांडे पुष्कळ आहेत म्हणतात. तुमचं जाणं-येणं आहे का? त्या लोकांची बोली वगैरे?"

मित्रांनो, मला आतून त्याचं काळीज ऐकू येत होतं. माझ्या गळ्याच्या गुंडीखाली ते धडधडत होतं. त्याला वाटलं, आता ठाण्याची गोष्ट निघणार. त्यानं उजव्या हातानं डावी बाही आणखी खाली ओढली.

"न्हाई, हुजूर. आमचा संबंध न्हाई."

साहेबांनी कागद बाजूला ठेवला. "तुम्हाला काही विचारायचं आहे? कामाबद्दल?"

"न्हाई, हुजूर."

"बरं. या."

वसराम बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. सांगितलेली एकही गोष्ट तो चुकला नव्हता. मागून दुसरा उमेदवार आत गेला, तिसरा गेला. मग लालसिंग बाहेर आला आणि हळहळून म्हणाला, "तुजं नशीब, भाऊ. सायबाला तांड्या-तांड्यांवर फिरून लोकायची गाऱ्हाणी लिहून घेनारा मानूस पायजे व्हता. आता जो गेला ना, त्याच्या शेताजवळ तांडा हाये म्हने, चार शब्द येतेत. त्यालाच घेऊन राहिले."

वसराम मागं वळला. मग पडदा सारून तसाच आत शिरला. माझी बाही कोपरापर्यंत वर ओढली, तिचा एक टाका तटकन तुटला.

"साहेब, मी तांड्याचाच हाय. हे बघा. माझी आई, माझा बाप तांड्यावर हायेत. बोली माझी जन्माची हाय. मी खोटं बोललो, भिऊन बोललो."

साहेबांनी चांदणीकडं पाहिलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मघाशी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. "मी सरळ विचारलं होतं. मला तुमच्यासारखाच माणूस हवा होता. पण ज्या लोकांची गाऱ्हाणी लिहायची त्यांच्याशी आमचा संबंध नाही असं म्हणणारा माणूस मी त्यांच्याकडं कसा पाठवू? पुढच्या वेळी या."

"पुढची येळ न्हाई, साहेब. माझी पंचवीस पुरी होऊन राहिली."

साहेबांनी मान खाली घातली आणि दौतीत टाक बुडवला. दुसऱ्याच्या नेमणुकीवर सही आधीच झाली होती.

परतताना पूर्णा आली, तेव्हा त्यानं मला डोक्यावर घेतलं नाही. तो तसाच पाण्यात शिरला. मी भिजले, जड झाले, आणि नदीच्या मध्यावर तो बराच वेळ थांबला तेव्हा मला फार भीती वाटली. मग पलीकडून कुणीतरी बैल पाण्यावर आणले, हाक मारली, आणि तो चालू लागला.

सटवाजींनी सगळं ऐकलं. तेरा-चौदा वर्षं पोरांना शहाणं करणारा तो माणूस ओसरीच्या खांबाला टेकून लेकरासारखा रडला. "मीच तुजी भाकर खाल्ली रे, वसराम. जग बदललं अन मी जुनंच शिकवून राहिलो."

वसराम म्हणाला, "तुमी वाईट न्हाई सांगितलं, दादा. मी इचारलं न्हाई." एवढंच. त्यानंतर त्यानं या गोष्टीचा उच्चार केला नाही.

चार दिवसांनी तो औंढ्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागला. चार भाषा जाणणारा इंटर पास मुलगा, उन्हात, उकिडवा. गोंदण आता साऱ्या जगाला दिसत होतं. तिथं त्याबद्दल कुणी विचारत नव्हतं.

पारुबाईनं मला पिळून वाळवलं. मग भर दुपारी दारात बसून तिनं आपलेच टाके एकेक करून उसवले आणि बाह्या होत्या तशा आखूड केल्या. दोरे मात्र तिनं फेकले नाहीत. पदराच्या गाठीत बांधले.

मला तिनं स्वतः सटवाजींकडं आणून दिलं. म्हणाली, "जो घालंल त्याचं मनगट दिसू द्या, दादा."

मित्रांनो, तुम्ही शिकलेले आहात, उद्या तुम्हीही अशाच कुठल्या दारात उभे राहाल. मोठ्यांचं ऐका, पण ते कोणत्या सालचं आहे तेवढं विचारून घ्या. समास सोडा, असल सनद जपा, आणि तोंड उघडून विचारा की काम काय आहे. मलाही वर्षातून दोनदा उन्हात टाका. पेटीत पडलेल्या कापडाला कसर लागते, आणि पेटीत पडलेल्या सल्ल्यालाही.

सटवाजी आता कुणाला गुंड्या लावत नाहीत. पुढं एकदा एक मुलगा मला न्यायला आला, तेव्हा त्यांनी वसरामला रस्त्यावरून बोलावून घेतलं. रीत मोडून तो मान त्याला दिला. वसरामचे हात इतके खरबरीत झाले होते की माझी गुंडी त्याच्या बोटांना नीट धरवेना. सहा गुंड्या त्यानं एकेक करून लावल्या. सातवी लावलीच नाही. "गळा मोकळा राहू दे," म्हणाला. "बोलावं लागंल."

मुलगा परत आला आणि मला सटवाजींच्या हवाली करून गेला. मला पेटीत ठेवण्याआधी सटवाजींनी वसरामला पुन्हा बोलावलं, म्हणाले, एकदा तूही घालून बघ. त्यानं प्रयत्न केला. खडी फोडून त्याचे खांदे रुंदावले होते. मी त्याच्या पाठीवर अर्ध्यातच अडकले. मदारसाबानं बाह्यांत कापड ठेवलं होतं, खांद्यांत ठेवलं नव्हतं.