टक्क्याच्या खुणेमागचं नाव

गणितातल्या त्या प्रमेयाची सिद्धता वहिनीची होती. शाळेत गणित शिकवता शिकवता, वर्षानुवर्षं डोकेफोड करून तिने ती तडीस नेली होती. धाकट्या दिराने, म्हणजे आमच्या प्राध्यापकसाहेबांनी, ती फक्त कॉम्प्युटरवर जुळवून एका संशोधनपत्रिकेकडे पाठवली. छपाईआधीची पानं तपासायला आली, तर वर नाव एकट्या दिराचं!

“पत्रिकेचं सॉफ्टवेअर एकच नाव घेतं हो, वहिनी. मी तरी काय करू?”

“जाऊ दे ना, घरचाच तर आहे,” नवरा म्हणाला.

घरचाच! घरच्याने हात मारला की ती चोरी नसते वाटतं? वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “फाईल द्या मला. दुरुस्ती मी करते.”

दीर हसला. “अहो, हे साधं टायपिंग नव्हे. सगळा कोड असतो. शीर्षक, समीकरण, प्रत्येकाला आज्ञा लिहावी लागते. तुम्हाला नाही जमायचं.” तरी फाईल दिली पठ्ठ्याने. हिला काय डोंबल कळणार, अशी खात्रीच होती ना!

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलून तिने लॅपटॉप मांडला. आधी स्वतःचं छोटंसं पान करून बघू म्हणाली. पान कसलं ते सांगणारी ओळ, मजकूर सुरू करणारी ओळ, मधे एक समीकरण, मग संपवणारी ओळ. कोडचं छापील पान करणारं बटण दाबलं आणि पडद्यावर लाल अक्षरांचा नुसता आरडाओरडा. एक महिरपी कंस बंद करायचा राहिला होता. नाही जमायचं म्हणे! पोरांच्या वह्यांत विसरलेले कंस शोधण्यात जिची उभी नोकरी सरली, तिला हे सांगता? तिने कंस घातला, पुन्हा बटण दाबलं आणि समीकरण असं देखणं उमटलं की रागातही तिला हसू आलं.

पुढे काय करायचं ते बघायला तिने मदतपुस्तिका उघडली. तिथे लिहिलं होतं, ओळीच्या सुरुवातीला टक्क्याची खूण घातली की ती ओळ फाईलमध्ये राहते, पण छापली जात नाही.

मग तिने दिराची फाईल उघडली. लेखकांच्या जागी दोन ओळी होत्या. खालच्या ओळीत त्याचं नाव. वरच्या ओळीत तिचं, आणि त्याच्याआधी टक्क्याची खूण. म्हणजे आधी लिहिलं होतं आणि मग झाकलं. धड पुसायचेही कष्ट घेतले नव्हते मेल्याने!

संध्याकाळी दीर चहाला आला. वहिनीने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला, त्याच्यादेखत ती खूण काढली आणि बटण दाबलं. दोन्ही नावं उमटली.

“बघा भाऊजी, घेतं की तुमचं सॉफ्टवेअर दोन नावं.”

दिराचा चेहरा पडला. नवरा घाईघाईने म्हणाला, “चला, झालं ना आता? मिटलं.”

“कुठे मिटलं?” वहिनीने तीच खूण दिराच्या नावाआधी टाकली. मग अगदी शेवटी, आभारांच्या जागी एक ओळ लिहिली: टायपिंगबद्दल धाकट्या दिरांचे आभार.

“आता हीच पाठवा,” ती म्हणाली. “माझ्यासमोर.”