अमरावतीची मावशी

अश्विन अमरावतीचा. तिथला सरकारी दवाखाना त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर, पण तिथं आतेबहीण नर्स. म्हणून हा बाबा बस धरून अकोल्याला आला. संघपाल अकोल्याचाच. पुरुषांवर जीव जडणाऱ्या पुरुषांना एचआयव्हीपासून कसं वाचायचं ते सांगणं, हीच त्याची एका संस्थेतली नोकरी. दर महिन्याला तो मैनाबाई नावाच्या मावशीला भेटायला अमरावतीला जायचा आणि परतताना अश्विनला गिला वडा खाऊ घालत तेच सांगायचा. अश्विन मान डोलवायचा. मान डोलवायला काय जातं!

शुक्रवारी रात्री शेंदूरजनाघाटकडच्या एका मळ्यात पार्टी झाली. तिथं अश्विननं एमडी नावाची नशेची पावडर ओढली. सोबत कोण होतं, निरोध वापरला की नाही, काही म्हणजे काही आठवेना. संघपालनं दिलेलं निरोधचं पाकीट मात्र खिशात जसंच्या तसं. सोमवारी सकाळी संघपालला फोन केला, तोही 'शनिवारची गोष्ट हाय' म्हणून. मोबाइलमधल्या फोटोंवरून कळलं, शुक्रवार! बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू केल्या तर लागण टळण्याची आशा, आणि त्यातले आता जेमतेम काही तास उरलेले. अकोल्याच्या दवाखान्यातली गोळ्यांची खोली तर पाचलाच बंद.

आणि साडेचारला हे महाशय डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून दोन मिनिटांत बाहेर!

"काय म्हणे?" संघपालनं विचारलं.

"गोळ्यायची गरज नाई म्हणे. मी सांगतलं, निरोध वापरला होता, नशा-बिशा करत नाई."

संघपालनं कपाळावर हात मारला. "अबे, तुले आठवते काय वापरला ते?"

"नाई."

"मंग कावून सांगतलं?"

"पोरासंग होतो हे सांगतानाच जीव चालला होता माहा. वरून पावडर? गर्दुल्ला म्हणतीन मले. पोलिसात देतीन."

"अरे बाप्पा! कोनी देत नाई पोलिसात. जाय, खरं सांग!"

"नाई जमत."

संघपालचं डोकं असं सणकलं, की याला कॉलर धरून आत न्यावं. पण दुसऱ्याच्या तोंडातली गोष्ट आपण कशी सांगणार? भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते.

"मैनाबाई कोन हाय, माईत हाय तुले?"

"तुही मावशी."

"कोनी नाई मैनाबाई. चार वर्षं झाले, तुमच्या अमरावतीच्या दवाखान्यातून एचआयव्हीच्या गोळ्या आणून राहिलो मी. अकोल्यात सारे ओळखतात म्हणून. मी बी पावडर ओढली होती. मले बी आठवत नव्हतं. अन मी बी डॉक्टरले असंच सांगतलं होतं, वापरला म्हणून."

अश्विन भडकला. "चार वर्षं मले शिकवून राहिला, अन हे नाई सांगतलं?"

"लाज वाटे बे," संघपाल म्हणाला. "तुले वाटते तशीच."

अश्विन उठला आणि दार ढकलून आत गेला. "मॅडम, मघा मी खोटं बोललो," एवढं बाहेर ऐकू आलं, मग दार लागलं.

पाचला पाच कमी असताना तो बाहेर आला. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्यांतली पहिली आतच गिळली होती, बाकीच्या पिशवीत. डोळे लाल.

"पुढच्या महिन्यात मैनाबाईकडं जाशीन ना," तो म्हणाला, "मी बी येतो संग. आतेबहीण दिसली तं दिसली."